उरलेली चार बोटं

आमच्या भावोजींनी आयुष्यात केलेल्या सगळ्यात चांगल्या कामाचा एकही व्हिडिओ नाही. ज्या माणसाने वर्षानुवर्षं संध्याकाळी दुसऱ्यांचे व्हिडिओ पाहिले, त्याच्याच बाबतीत हे व्हावं याचं मला अजून हसू येतं. तो का नाही, हे सांगायचं तर सगळंच सांगावं लागेल. आणि मी सांगणार; जवळच राहते, सगळं डोळ्यांनी पाहिलंय. मेहुणीला भावोजींबद्दल खरं बोलायची मुभा असते. बायकोला ती नसते, तिला त्यांच्यासोबत संसार करायचा असतो.

भावोजी सुतार. घराला लागूनच त्यांची शेड आहे. तिथे दिवसभर दारं, चौकटी, खिडक्या असं ऑर्डरीचं काम चालतं. माणूस काटकोन तपासायचा गुण्या घेऊनच जन्माला आलेला. कुणाच्या घरी गेले की पाणी प्यायच्या आधी दाराकडे बघतात आणि मानेनेच सांगतात की बिजागरी चुकली आहे. माझ्या लग्नात मांडवाचे खांब तिरके आहेत म्हणून हे गृहस्थ फोटोत आलेच नाहीत, मागे खांब सरळ करत होते.

पण स्वतःच्या घरात? स्वयंपाकघरातल्या कपाटाला एकच दार. दुसरं 'पुढच्या आठवड्यात' बसणार होतं, हे मी माझी भाची शाळेत जायला लागली तेव्हापासून ऐकतेय. एका खुर्चीवर बसताना डावीकडे टेकायचं नाही, हे घरच्यांना पाठ होतं आणि पाहुण्यांना आपटल्यावर कळायचं. आणि गच्चीवर जायला जिना नव्हता. मागच्या भिंतीला एक उभी लोखंडी शिडी ठोकलेली होती. घर बांधताना ताईने जिना मागितला होता. भावोजी म्हणाले होते, "जिना मी स्वतः करीन. विकतचा जिना माझ्या घराला? लोक हसतील."

लोक हसले नाहीत, कारण जिनाच झाला नाही. ताई मात्र शिडीने गच्चीवर जायची, पदर खोचून, हातात पाण्याची बादली घेऊन. वर तिने रंगाच्या रिकाम्या डब्यांमध्ये बाग केली होती. टोमॅटो, गुलाब, कसलीशी वेल. शिवाय समोरच्या गच्चीवर शिंपीणबाई यायच्या. दोघींच्या मधे रस्ता, पण गप्पा अशा चालायच्या की खालून जाणाऱ्याला दोन्ही घरांची बित्तंबातमी कळावी. त्या तासाभरात ताई जेवढी हसायची तेवढी दिवसभरात कधी हसायची नाही.

मग तिचे गुडघे गेले. एके दिवशी शिडीच्या तिसऱ्या दांडीवरून ती घसरली आणि पाठीवर पडली. हाड मोडलं नाही, पण शिडी सुटली ती कायमची. बाग वाळली. भाची अधूनमधून वर जाऊन पाणी घालायची, पण नोकरी लागल्यावर तेही बंद झालं. शिंपीणबाई समोरून हाक मारायच्या, ताई खालून ओरडून उत्तर द्यायची, आणि दोघींना मान वर-खाली करून करून कंटाळा यायचा. गप्पाही आटल्या.

ताई दर सहा महिन्यांनी एकदा विचारायची, "अहो, जिन्याचं काय?"

"वेळ कुठे आहे गं?" हे ठरलेलं उत्तर.

आणि हे म्हणताना भावोजींच्या हातात काय असायचं? फोन. बरं, बघायचे काय, तर दूरदेशीचे सुतार लाकूडकाम करतानाचे व्हिडिओ! दिवसभर स्वतः रंधा मारायचा आणि संध्याकाळी दुसऱ्याने मारलेला रंधा बघायचा. टेबलं, पाळणे, होड्या, आणि हो, जिने. वर शेरेबाजी चालू. "चुकला! अरे, उलट्या रेषेत तासतोय, फुटेल ना ते!" फुटलं की मांडीवर थाप मारायचे. मी एकदा म्हटलं, "भावोजी, तो तुम्हाला ऐकू येतो, तुम्ही त्याला नाही."

"तुला काय कळतंय मेहुणीबाई, मी शिकतोय."

"साठी झाली. आता परीक्षा कधी आहे?"

ते हसले. रागावत नाहीत, हाच तर त्यांचा मोठा दोष. रागावले असते तर काहीतरी हललं असतं.

हललं ते एका रविवारी. आदल्या दिवशी ताई दाराच्या उंबऱ्याला अडखळली होती. पडली नाही, पण डॉक्टरांकडे नेल्यावर ते स्पष्टच म्हणाले, की पाय असे वापराविना ठेवलेत तर वर्षभराने उंबराही जड जाईल; हळूहळू चढउतार करत राहा, पण पायरी बुटकी हवी. ताई घरी येऊन बसली. भावोजी तिच्याशेजारी बसले, तिचा हात हातात घेतला, आणि दोन मिनिटांनी दुसऱ्या हाताने फोन उघडला. मनात काही नसताना, सवयीने. मी ते पाहिलं. ताईनेही पाहिलं. तिने आपला हात सोडवून घेतला आणि आत गेली.

माझी भाची औषधांच्या दुकानात काम करते, हिशेबाला पक्की आणि जिभेने माझ्यावर गेलेली. तिने बापाच्या हातातून फोन घेतला, आत कुठेतरी बोटं फिरवली आणि त्यांच्यासमोर धरला. "बाबा, रोजचे चार तास. सरासरी."

"काहीतरीच! जेवून झाल्यावर जरा बघतो तेवढंच."

"फोनच सांगतोय."

"फोन खोटं बोलतोय."

"म्हणजे चार तास खोटारड्याच्या नादी लागता," मी म्हटलं.

भाची म्हणाली, "दिवसाचा सहावा हिस्सा झाला. वीस वर्षं धरली तर विचार करा."

भावोजी उठले आणि शेडमध्ये गेले. आम्हाला वाटलं, चिडले एकदाचे. पण ते हिशेब करायला गेले होते. कागदावरचा आकडा या माणसाच्या डोक्यात शिरत नाही, त्याला सगळं लाकडात लागतं. मी दारात उभी राहून बघत होते. त्यांनी एक जाडसर पट्टी घेतली, वीस इंचांवर कापली. त्यांचे वडील ऐंशी वर्षं जगले होते, म्हणून आपणही तेवढे जगणार हे भावोजींनी परस्पर ठरवून टाकलेलं. म्हणजे उरली वीस; एक वर्ष, एक इंच. पेन्सिल कानावरून काढली आणि खुणा केल्या. झोपेचा तिसरा हिस्सा. मग कामाचा, तो झोपेहून मोठा. मग अंघोळ, जेवण, बाजार, येणंजाणं. तीन रेघा मारल्या, करवत घेतली आणि तिन्हीवर चालवली.

उरला तो एक बारका ठोकळा. त्यांनी तो उचलून हातात धरला. "आणि हा फोनचा," ते म्हणाले.

"आणि ताईचा कुठला? तुमचा स्वतःचा?" मी विचारलं.

ते खाली वाकून बघायला लागले, जसा काही एखादा तुकडा टेबलाखाली पडला असावा. खाली भुशाशिवाय काही नव्हतं. जागेपणीचं, मोकळं, स्वतःचं म्हणून जेवढं आयुष्य उरलं होतं, ते सगळंच्या सगळं त्या ठोकळ्यात होतं आणि ठोकळा आधीच फोनच्या नावावर होता.

मग त्यांनी त्यावर बोटं ठेवली. चार बोटं मावायला हवी होती. करंगळी अर्धी बाहेर राहिली. त्यांनी पुन्हा ठेवून पाहिली. माप चुकलं होतं. आणि भावोजींचा चेहरा असा पडला, की मला वाटलं यांना चक्कर येतेय.

"करवत," ते म्हणाले. "करवतीचं धरलंच नाही."

मला कळलं नाही, तेव्हा त्यांनी समजावलं. करवत जिथून जाते तिथे पात्याच्या जाडीएवढं लाकूड खाते, त्याचा भुसा होतो. म्हणून सुतार कधी एकदम सगळ्या खुणा करून कापत नाही. एक कापतो, मग उरलेलं पुन्हा मोजतो. शिकाऊ पोरसुद्धा पहिल्या आठवड्यात हे शिकतं. आणि चाळीस वर्षं हात बसलेल्या माणसाने आपलंच आयुष्य कापताना ते विसरावं!

"दर वेळी जरा बघतो म्हणून उचलतो ना फोन," ते हळू आवाजात म्हणाले, "तेव्हा नुसतं बघितलेलं जात नाही गं. आधीचंही थोडं जातं, नंतरचंही थोडं जातं. भुसा होतो त्याचा."

मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना टोमणा मारला नाही. त्यांनी ठोकळा खिशात टाकला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भावोजी स्वयंपाकघरात लाकडाचे तुकडे घेऊन आले आणि ताईपुढे एक जमिनीवर ठेवला. "यावर पाय ठेव."

"हे काय नवीन?"

"ठेव तर."

चार इंचांवर ती सहज चढली. पाचवरही चढली. सहावर तिचा हात आपसूक ओट्याकडे गेला. "बास," भावोजी म्हणाले, "पाच." आणि निघून गेले. ताई माझ्याकडे बघत राहिली. मी खांदे उडवले, पण मला सगळं कळलं होतं.

बुटक्या पायऱ्यांचा जिना म्हणजे सोपं काम नव्हे. पायरी बुटकी केली की पायऱ्या वाढतात, आणि त्या वाढल्या की जागा लागते. मागचं अंगण एवढंसं. सरळ जिना काढला असता तर शेजाऱ्यांच्या न्हाणीघरात उतरला असता. तेव्हा भावोजींनी अर्ध्यावर वळण घेतलं, बारा पायऱ्या इकडून, बारा तिकडून, आणि मधे चौथरा. चौथऱ्यावर भिंतीला धरून एक बाकडं. पावसापाण्याला टिकेल असं लाकूड शोधायला ते तीन वखारी फिरले आणि प्रत्येक फळी डोळ्याला लावून पाहिली.

आठवडाभर उत्साह दांडगा. मग एक संध्याकाळ अशी आली की वळणावरचा सांधा अडला. "दुसरे कसं करतात तेवढं बघतो," म्हणून फोन उघडला आणि मी नऊ वाजता गेले तेव्हा हे अजून होडी बघत होते. होडी! जिन्याचा आणि होडीचा काय संबंध, हे विचारायलाही मी थांबले नाही. नुसती उभी राहिले. भावोजींनी वर पाहिलं, खिशात हात घातला, ठोकळा चाचपला आणि ओशाळले.

त्या रात्री नाही, पण दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी एक पेटी केली. छान पॉलिश केलेली, कोपरे असे जुळलेले की नखही शिरू नये. झाकणाला बिजागरी नाही, कडी नाही. आठ स्क्रू. काम संपलं की संध्याकाळी फोन आत ठेवायचा आणि आठही स्क्रू आवळायचे. निकडीचं काही असलं तर ताईचा फोन होताच. "बघायचंच असेल," ते म्हणाले, "तर आठ स्क्रू काढीन. आठव्यापर्यंत शहाणपण येतं का बघू."

बहुतेक वेळा तिसऱ्यालाच यायचं. एकदा पेटीतून फोन वाजला. भावोजी पेचकस घेऊन धावले, घामाघूम होऊन सगळे स्क्रू काढले, तोवर फोन वाजायचा थांबला. उलट फोन लावला तर विमावाला. त्यानंतर पेटी वाजली तरी ते रंधा थांबवत नसत.

पाच-सहा महिने असे गेले. कपाटाला दुसरं दारसुद्धा याच काळात बसलं, जाता जाता, एकाच संध्याकाळी. ताई ते उघडून बंद करून बघत होती. "एवढंसंच काम होतं होय," एवढंच म्हणाली, आणि मला तिचा इतका राग आला, इतका राग, की एवढ्या वर्षांचं तिने एवढ्याच शब्दांत सोडून द्यावं.

जिना झाला. मी कौतुक करण्यात कंजूष आहे, पण तो जिना बघून माझं तोंड बंद झालं. कठडा हाताखालून लोण्यासारखा सरकायचा. एक पायरी कुरकुरेल तर शपथ.

आणि ताईने चढायला नकार दिला.

"बांधलात ते भरून पावले," ती म्हणाली. "पण माझ्याने व्हायचं नाही आता." पहिल्या पायरीकडे बघताना तिच्या चेहऱ्यावर ती जुनी शिडी दिसत होती. भाचीने समजावलं, मी दटावलं, समोरून शिंपीणबाईंनी शपथ घातली. ती हलेना. मी भावोजींकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा माणूस कोलमडणार आणि पुन्हा पेटीकडे जाणार.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी चहाचे दोन कप घेतले, आणि ताईचा कप पहिल्या पायरीवर ठेवला. स्वतः शेजारी बसले. "चहा इथे आहे," म्हणाले. ताई कुरकुरत गेली, पायरीवर बसली, चहा प्यायली. पुढच्या दिवशी कप दुसऱ्या पायरीवर. मग तिसऱ्या.

"मला कळत नाही का तुमचं?" ताई चौथ्या पायरीवर म्हणाली.

"कळतं की. थंड होतोय, पी."

असा आमच्या ताईचा चहा रोज पाच इंच वर सरकत गेला. आणि त्या दोघांचं बोलणं! लग्न होऊन एवढी वर्षं झालेली माणसं, एवढं काय बोलत असतील? मी एकदा भिंतीआड उभी राहून ऐकलं. भावोजी तिला पहिल्या मालकाकडे फुटलेल्या पटाशीची गोष्ट सांगत होते आणि ताई म्हणत होती, "हे तुम्ही मला कधी सांगितलंच नाही." मी तिथून हळूच सटकले. चौथा तास चालू होता आणि कप केव्हाचे रिकामे झाले होते.

ती चौथऱ्यावर पोहोचली त्या दिवशी मी आणि भाची मुद्दाम हजर होतो. ताई बाकड्यावर बसली, चहा संपवला, कप बाजूला ठेवला. मान वळवून वरच्या बारा पायऱ्यांकडे पाहिलं. वर गच्चीची कड आणि त्यापलीकडे नुसतं आभाळ.

"उद्या तेरावी," भावोजी म्हणाले.

"रोज एक कशाला?" ताई म्हणाली आणि उठली.

तिने कठडा धरला आणि पाय टाकला. एक. मग दुसरा. भाचीचा फोन आत चार्जिंगला लावलेला, माझा पर्समध्ये, पर्स बाहेरच्या खोलीत. भाची ओरडली, "बाबा, फोन! व्हिडिओ काढा!" आणि भावोजी खरंच धडधड खाली उतरले, पेटी घेतली, पेचकस घेतला. पहिला स्क्रू निघाला. दुसरा निघाला. वर ताई चढतेच आहे. तिसऱ्या स्क्रूवर त्यांचा हात थांबला. त्यांनी वर पाहिलं. पेचकस पेटीवर ठेवून दिला आणि कंबरेवर हात देऊन, मान वर करून, ते आपल्या बायकोकडे बघत राहिले.

शेवटच्या पायरीशी ती थबकली. तिथे कठड्याच्या टोकाला त्यांनी एक मूठ बसवली होती, हाताला बरोबर बसेल अशी गोल तासलेली, लाकडाचा रंग इतरांपेक्षा वेगळा. मला ती ओळखू आली. करंगळी अर्धी बाहेर राहील एवढीच होती ती. ताईला काहीच माहीत नव्हतं. तिने ती घट्ट पकडली, अंग वर खेचलं आणि गच्चीवर उभी राहिली.

मग रस्त्यापलीकडून शिंपीणबाईंची आरोळी, "आलीस होय गं भवाने!" आणि वरून ताईचं हसणं. तेच, जुनं, अख्ख्या गल्लीला ऐकू जाणारं. मी रडत होते, भाची रडत होती, आणि भावोजी डोळे पुसायचंही विसरून म्हणत होते, "पायरी बरोबर बसली. बघ, एकदाही थांबली नाही."

"अहो!" ताई वरून वाकून ओरडली. "तिथे काय उभे राहिलात? वर या ना!"

"आलो," भावोजी म्हणाले.

एक-एक पायरी सोडून, पोरासारखे ते वर गेले. पेटी तशीच खाली पडली होती. भाचीने ती उचलली, माझ्याकडे पाहिलं, आणि निघालेले दोन्ही स्क्रू पुन्हा आवळून टाकले. मग आम्ही दोघींनी पानं वाढली आणि वाट बघत बसलो. जेवण गार झालं, आम्ही दोनदा हाका मारल्या, पण वरून कुणीच उतरलं नाही.